दीड बोट चिखल

कोटेश्वरच्या चौकात एक मायक्रोबस डावीकडून घुसली आणि टॅक्सीसमोर आडवी उभी राहिली. टॅक्सीवाल्याने वेळीच गाडी आवरली. कुणाला काही लागलं नाही, कुणी कुणाला शिवीसुद्धा दिली नाही. पण मागे बसलेल्या बिपना गुरुंगचे दोन्ही पाय पुढे गेले होते आणि पुढच्या सीटला टेकून खालच्या रबरी पायपुसण्यावर सगळा भार देऊन बसले होते. टॅक्सीवाल्याला पाठीतून तो दाब जाणवला असावा. आरशात बघत तो म्हणाला, "दिदी, ब्रेक माझ्याकडे आहे. तिथं काही नाही."

तो हसला, तीही हसली. टॅक्सी विमानतळाच्या दिशेने निघाली, तरी पाय मात्र तसेच राहिले. बुटांच्या आत बोटं वळून घट्ट धरून बसली होती. सोड म्हटलं तरी सोडेनात. तिला एकाएकी आपल्याच पायांची शरम वाटली, परक्याच्या पायांची वाटावी तशी. तीन वर्षं ती समजत होती की जे काही बिघडलंय ते हातांत आहे. चौकशीवाल्यांनीही हातांबद्दलच विचारलं होतं. डावा हात कुठे होता, उजवा कुठे होता, छतातले इंजिनांचे लिव्हर किती मागे ओढले होते. तिने सगळं नीट सांगितलं होतं, आणि हात होते तिथेच होते. पायांबद्दल कुणी विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती. विमानाच्या चाकांनी मातीत उठवलेले दोन चर त्यांनी फीत लावून मोजले होते. तरीही त्या चरांचा आणि या दोन पायांचा संबंध तिच्या मनाने आजवर जोडला नव्हता. तो एका टॅक्सीवाल्याने, तोंडातली सुपारी चघळत, फुकटात जोडून दिला.

कंपनीच्या कचेरीत मुख्य वैमानिक चूडामणी अधिकारी तिची वाट बघत होते. बोलायला कंजूष माणूस. टेबलावर वेलदोड्यांची वाटी असायची. बोलायचं टाळायचं असलं की एक वेलदोडा सोलायला घेत. त्यांनी तिच्यापुढे एक पत्र सरकवलं. हाताने लिहिलेलं, खाली शिक्का, सिमचौर गावच्या वडाध्यक्षा, म्हणजे प्रभागाच्या प्रमुख, जौकला रोकाया यांची सही. सही वाचून बिपनाने पत्र पुन्हा पहिल्या ओळीपासून धरलं. गावाने धावपट्टी दुरुस्त केली आहे, असं पत्रात होतं. दोन्ही बाजूंनी चर खणले, मधल्या भागात गुडघाभर खोल दगड भरले, वर माती टाकून हिरवळ उगवू दिली. तीन वर्षं विमान नाही. सतरा आजारी माणसांना डोलीत घालून तीन दिवसांची वाट खाली नेलं, त्यातले बारा पोचले. दसैंच्या, म्हणजे दसऱ्याच्या आधी एक विमान पाठवावं, आणि शक्यतो त्याच बाई पाठवाव्यात, ज्यांनी इथे विमान मोडलं होतं.

"त्याच का?" बिपनाने विचारलं.

चूडामणींनी वेलदोडा खाली ठेवला. "मीही फोनवर हेच विचारलं. तर म्हणाल्या, कुठे रुततं ते तिला माहीत आहे. बाकीच्यांना ते शिकायला आमच्याकडे अजून एकेक विमान मोडावं लागेल."

सिमचौर. सिम म्हणजे पाणथळ जमीन, चौर म्हणजे कुरण. नावातच सगळं सांगून ठेवलेलं. तीन वर्षांपूर्वी, असाच पावसाळा सरत आला होता. बिपनाला कॅप्टन होऊन सहा महिने झाले होते. कर्णालीच्या वरच्या अंगाला डोंगराच्या खांद्यावर चारशे तीस मीटरची मातीची पट्टी, खालच्या टोकाला कडा, वरच्या टोकाला दगडी भिंत. चढावर उतरायचं आणि उतारावरून उडायचं. दुसरी दिशाच नाही, आणि शेवटच्या वळणानंतर माघारही नाही. आदल्या रात्री पाऊस झाला होता. चाकं टेकली ती अगदी योग्य जागी. तेवढं चौकशीच्या अहवालातही लिहिलं होतं. मग तिला भिंत दिसली. आखूड पट्टीचं म्हणणं असतं, टेकलीस की लगेच आवर, इथे जागा नाही. मऊ पट्टीचं म्हणणं असतं, आवरू नकोस, नाक वर धर, पुढचं चाक हलकं ठेव, चालत राहा. ती पट्टी आखूडही होती आणि मऊही. त्या दोन हुकमांमधल्या अर्ध्या सेकंदात तिच्या पायांची बोटं पेडलच्या वरच्या कडेवर, ब्रेकवर गेली. ओल्या मातीत ब्रेक म्हणजे नांगर. नाक खाली गेलं, काचेवर मातीचा लोंढा आला आणि भर सकाळी अंधार झाला. मग आवाज थांबले. शेवटच्या सीटखाली कुणाच्या तरी टोपलीत कोंबडीची पिल्लं होती, ती तेवढी ओरडत राहिली. माणूस एकही गेला नाही. एका बाईचा हात मोडला. गवतावर बसून ती फुटलेल्या बांगड्यांचे तुकडे मनगटातून वेचत होती. तिने बिपनाकडे एकदा वर बघितलं आणि पाणी मागितलं. ती बाई म्हणजे जौकला रोकाया. विमान सात महिने तिथेच पडून होतं, मग तुकडे करून खाली नेलं. कंपनीने सिमचौर बंद केलं, आणि बिपना कॅप्टनच्या डावीकडच्या सीटवरून सहवैमानिकाच्या उजवीकडच्या सीटवर आली. पक्क्या पट्ट्या, सरळ पट्ट्या, दुसऱ्याचे हुकूम. त्यातही एक सुख होतं, ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

"माझी कॅप्टनकीची तपासणी पोखऱ्याला ठरली होती," ती म्हणाली.

"ती आता सिमचौरला. मी उजवीकडे बसेन. नको असेल तर आत्ता सांग, मी नेईन विमान. कुणी तुला बोल लावणार नाही."

कुणी बोल लावणार नाही, हे वाक्य ऐकूनच तिने होकार दिला. नंतर, जिथून विमान निघणार होतं त्या नेपालगंजच्या उकाड्यात, कंपनीच्या विश्रामगृहात पंख्याखाली पडल्या पडल्या तिला वाटलं, हा होकार धैर्याचा नव्हताच. तीन वर्षं सगळे तिच्याशी असेच मऊ बोलत आले होते, जणू तीच एक ओली पट्टी, आणि जोराने पाय ठेवला तर खचेल. तिला त्या मऊपणाचा कंटाळा आला होता. ती उठून खुर्चीवर बसली, डोळे मिटले आणि पाय समोर धरून उतरण्याचा सराव करू लागली. टाचा फरशीवर, बोटं सैल. चाकं टेकली. भिंत आली. बोटं वळली. पुन्हा. टाचा फरशीवर. भिंत. बोटं वळली. विसाव्या खेपेलाही वळली. मग तिला गावाकडचं, लमजुंगचं खाचर आठवलं, आणि ते का आठवतंय हे कळायच्या आधीच पायांना तो गार, जड चिखल जाणवला. ती नऊ वर्षांची, डोक्यावर भाताच्या रोपांची जुडी, आणि बांध फुटल्याने वाट मोडलेली. पोटऱ्यांपर्यंत चिखलात ती मधोमध थांबली होती, कारण पुढचा बांध लांब दिसला. आमा, तिची आई, मागून येत होती. आमाने हात दिला नाही; तिच्याही डोक्यावर भारा होता. ती नुसती म्हणाली, थांबू नकोस आणि पाय आपटूही नकोस. चिखल थांबलेल्याला धरतो. बिपना तेव्हा रडत रडत चालली होती. बांध कधी आला तेही कळलं नव्हतं. खुर्चीवर बसल्या बसल्या तिने पाय हलवून बघितले, चालल्यासारखे, एकामागून एक. त्या खेपेला बोटं वळली नाहीत. हे बरोबर की चूक, विमान उडवायच्या कुठल्या पुस्तकात बसतं, हे तिला ठाऊक नव्हतं. ती तशीच आडवी झाली आणि झोपली.

सकाळी साडेपाचला विमानतळावर जौकला हजर होती. खालच्या जिल्ह्यात बैठकीला म्हणून चालत आली होती, आता विमानाने परत जाणार. बुटकी, पन्नाशी ओलांडलेली, नाकात मोठी फुली, हातात एकात एक बसवलेल्या पाच प्लॅस्टिकच्या बादल्या. बिपनाने नमस्कार केला. माफी मागायची वाक्यं तीन वर्षं तयार होती. ती सगळी आता फार लांबलचक वाटली. जौकलानेच बादल्या खाली ठेवल्या आणि उजव्या हाताचं कोपर वाकवून दाखवलं. ते पुरतं सरळ होत नव्हतं.

"एवढंच वळतं. पण विळा धरता येतो," ती म्हणाली. "पहिल्या विमानात मी बसणार असं गावाला सांगून आलेय बहिनी. मी बसले नाही तर कोण बसेल?"

मग तिने पट्टी कशी तपासतात ते सांगितलं. रोज सकाळी चौदा माणसं पाठीवर मिठाचं पोतं घेऊन पट्टीवरून ओळीने चालतात, आणि मास्तर मागून येऊन टाचेच्या खळग्यात बोट आडवं घालून बघतात. एक बोट रुतलं तर विमान यावं. दोन बोटं रुतली तर येऊ नये. चूडामणी हे ऐकत उभे होते. त्यांनी वहीत ते लिहून घेतलं, विमान बनवणाऱ्यांच्या तक्त्यांशेजारी, तितक्याच गंभीरपणे.

दोन इंजिनांचं छोटं ट्विन ऑटर उडालं. मागे मीठ, औषधं, शाळेची पुस्तकं, आणि पहिल्या रांगेत बादल्या मांडीवर घेतलेली जौकला. मैदान संपून डोंगर सुरू झाले, दऱ्यांमध्ये ढगांचे पुंजके सांडलेले होते. तीन वर्षांनी डावीकडे बसल्यावर बिपनाला सगळं थोडं उलटं वाटत होतं, घरातलं कपाट कुणीतरी दुसऱ्या भिंतीला लावावं तसं. डाव्या हातात पुढचा दांडा, उजवा हात वर छताकडे लिव्हरवर. अर्ध्या तासाने सिमचौरच्या मास्तरांचा आवाज रेडिओवर आला. रात्री दोन तास पाऊस झाला. वारा नाही. आकाश मोकळं. मग मास्तर म्हणाले, "दीड बोट."

चूडामणींनी वही उघडली आणि मिटली. एक बोट म्हणजे या, दोन म्हणजे नको. दिडाचा नियम कुणी केलाच नव्हता. ते म्हणाले, "विमान तुझं, निर्णय तुझा. परत फिरलीस तरी तपासणीत पास." आणि त्यांनी आपले दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले. बिपनाला ते दिसलं, आणि त्या कंजूष माणसाने आपल्याला केवढं काही देऊन टाकलंय हेही कळलं. तिने मान वळवून मागे ओरडून विचारलं, "दिदी, दीड बोट म्हणतायत. सगळीकडे दीड असेल?"

जौकला पुढे झुकली. "दीड म्हणजे झऱ्याच्या अंगाला. विचार त्याला, घरांच्या बाजूला किती?"

मास्तरांनी जाऊन बघितलं. तेवढा वेळ बिपनाने दरीत एक सावकाश चक्कर मारली आणि पट्टी डोळ्यांनी वाचली. तिला ती अनोळखी वाटेल अशी भीती होती, तशी वाटली नाही. झऱ्याकडची हिरवळ काळपट, तेलकट. घरांकडची फिकट, पिवळसर. मधोमध एक पट्टा दोन्हींच्या दरम्यानचा, आणि त्याच पट्ट्यात, साधारण निम्म्यावर, तिचे दोन चर होते. आता तिथे गवत होतं. तरी तिला जागा नेमकी दाखवता आली असती. मास्तर धापा टाकत परत आले. घरांच्या बाजूला चार ठिकाणी बघितलं, चारही ठिकाणी एकच बोट.

"घरांकडून, डाव्या अंगाने उतरते," ती म्हणाली.

शेवटचं वळण. त्यानंतर परतीची वाट डोंगराने मिटवली. पंखांचे फ्लॅप पूर्ण खाली, विमान हवेत जवळजवळ लोंबकळल्यासारखं सावकाश, कड्याची धार समोरून मोठी होत आलेली. कड्यावर एक शेळी चरत होती. तिने मान वर केली. बिपनाच्या मनात एकही विचार नव्हता असं नाही, उलट गर्दी होती, पण ती गर्दी मागच्या सीटवर बसली होती, उतारूंसारखी, आणि पुढे कोण आहे यावर भरवसा ठेवून गप्प होती. धार पोटाखालून गेली. तिने नाक उचललं, इंजिनांत थोडा जीव ठेवला, आणि मागची चाकं गवताला लागली तेव्हा धक्का बसलाच नाही. फक्त आवाज बदलला, ओल्या कापडावरून हात फिरवावा तसा. दांडा पोटाशी. पुढचं चाक अजून हवेत. भिंत दिसली. तीच भिंत, तेच दगड. टाचा तळाशी होत्या. बोटं वळू पाहत होती हे तिला कळत होतं, स्पष्ट, आणि कळत असल्यामुळेच ती त्यांना धरून ठेवू शकत होती. पुढचं चाक आपसूक, नको असलेल्या पाहुण्यासारखं संकोचत खाली आलं.

आणि मग विमान मंदावू लागलं. चढाने ओढलं, मातीने धरलं. इतकं भराभर की अजून शंभर मीटर बाकी असताना ते थांबायच्या बेताला आलं. इथे थांबलं असतं तर चाकं बसली असती आणि गावाने ढकलूनही निघाली नसती. समोर भिंत असताना, ज्या भिंतीच्या भीतीने तीन वर्षं खाल्ली त्या भिंतीच्या दिशेने, बिपनाने वरचे लिव्हर पुढे ढकलले. इंजिनं गरजली. विमान एकदा थरथरलं आणि चढू लागलं. एकेका मीटरने, म्हशीसारखं, चिखल उडवत, मान खाली घालून चढलं. आपण मोठ्याने "चल, चल" म्हणतोय हे तिच्या मागाहून लक्षात आलं. दगड बसवलेला वरचा चौक आला, चाकांखाली खडखडाट झाला, आणि तिथे, भिंतीपासून वीस पावलांवर, तिने विमान वळवून थांबवलं.

चूडामणींनी मांड्यांखालून हात काढले. बोटांवर सीटच्या शिवणीचे वळ उमटले होते. ते चोळत त्यांनी कागदावर सही केली.

बाहेर अख्खं गाव भिंतीवर आणि भिंतीमागे उभं होतं, पण आवाज नव्हता. सगळे दाराकडे बघत होते. दार उघडलं, जौकला शिडीवरून उतरली, गावाकडे तोंड करून उभी राहिली आणि तिने दोन्ही हात वर केले. एक सरळ, एक कोपरात वाकलेला. मग जो गलका उठला त्याने कड्यावरची शेळी पळाली. माणसं भिंतीवरून उड्या टाकून धावली. कुणी विमानाच्या चाकांना हात लावला, कुणी त्याच हाताने चिखल काढून कपाळाला लावला. बिपना शिडीच्या वरच्या पायरीवर उभी होती आणि तिला खाली उतरायला जागा नव्हती. एका म्हातारीने तिच्या गळ्यात झेंडूची माळ घातली. ती आखूड होती, कानांवर अडकली, आणि दोघी तशाच हसत राहिल्या. माफीचा शब्द कुणी मागितला नाही, तिनेही दिला नाही. तो केव्हा गळून पडला, नेपालगंजला, की कड्याच्या धारेवर, की शेवटच्या शंभर मीटरांत, हे तिला शोधावंसंही वाटलं नाही.

तासाभरात मीठ, औषधं, पुस्तकं उतरली आणि अकरा माणसं बसली. डोळ्यावर पट्टी बांधलेला एक म्हातारा, सातवा महिना लागलेली एक सून, परीक्षेला निघालेली दोन मुलं. चूडामणींनी विचारलं, परतीला कोण नेणार. मी, ती म्हणाली. बरं, मग मी डोळे मिटून घेतो, असल्या कड्यांवरून खाली बघितलं की मला गरगरतं, असं म्हणून त्या मुख्य वैमानिकाने एक वेलदोडा तोंडात टाकला.

तिने दांडा पोटाशी धरला आणि चौकातून न थांबता उतारावर वळली. दगडांवरून गवतावर येतानाच इंजिनं पूर्ण ताकदीने ओढत होती. पुढचं चाक लगेच हलकं झालं. फिकट हिरवळीवरून, घरांच्या अंगाने, विमान धावलं, आणि वेग पुरता येण्याआधीच जमिनीने त्याला सोडलं. ती वर चढली नाही. गवताच्या शेंड्यांवरून हातभर उंचीवर, जमीन आणि पंखांमध्ये दाबलेल्या हवेवर विमान तरंगत ठेवून ती वेग गोळा करत राहिली. गवत खालून विंचरल्यासारखं दुभंगत होतं. कडा आला, जमीन संपली, आणि खालची सगळी दरी एकदम उघडली. मागे सून मोठ्याने हसली. विमान उंच चढलं.

पहिल्या खिंडीच्या पलीकडे रेडिओवर एक तरुण आवाज आला, दुसऱ्या कंपनीच्या विमानातला. त्याने नेपालगंजच्या नियंत्रण कक्षाला विचारलं की सिमचौरला सकाळी कुणी उतरलंय असं ऐकलं, खरं का. त्यालाही उद्या औषधं न्यायची आहेत. नेपालगंज म्हणालं, ज्या उतरल्या त्या याच लहरीवर आहेत, त्यांनाच विचारा.

बिपनाने माइकचं बटण दाबलं. झऱ्याकडची बाजू सोड, तिने सांगितलं, घरांच्या बाजूने ये. नाक वर धर. ब्रेक विसरून जा. माती तुला लवकर धरेल, तेव्हा घाबरून थांबू नकोस, ताकद दे आणि दगडांपर्यंत चढ. शेवटचे शंभर मीटर भिंतीकडेच जावं लागतं, तिकडे बघत जा.

मग तो आवाज म्हणाला, "म्हणजे पट्टी सुरू झाली असं समजू?"

"सिमचौर सुरू आहे," ती म्हणाली. आणि आसपासच्या दऱ्यांत जे जे कुणी ऐकत असतील त्यांना नीट ऐकू जावं म्हणून तेच वाक्य तिने सावकाश पुन्हा एकदा म्हटलं.